मी येणार असले की आई कुंकू लावते

प्रश्न : माझे बाबा हवाई दलात होते. डिसेंबर १९७१च्या युद्धात पश्चिम आघाडीवर गेलेलं त्यांचं विमान परत आलं नाही. 'बेपत्ता' एवढीच तार आली. मी तेव्हा आईच्या पोटात होते. कॉलेजपासून मी पत्रव्यवहार करतेय. संरक्षण मंत्रालय, खासदार, माहितीचा अधिकार, सगळं झालं. चार जाड फायली आहेत. आई आता ७७ वर्षांची, सांगलीला एकटी राहते. दिवाळीत म्हणाली, "मला एकदा त्र्यंबकला ने, त्यांचा पालाशविधी करून टाकू." देह न मिळालेल्या माणसाचे अंत्यसंस्कार म्हणजे हा विधी. मी खूप भांडले. पुरावा नसताना ती बाबांना मारून टाकतेय! तिचं विस्मरणही वाढलंय बहुतेक. शेजारच्या काकू म्हणाल्या, एरवी ती कुंकू लावत नाही, मी येणार असले की लावते. तिच्या डोक्यातून हे खूळ कसं काढू?
– एक मुलगी, पुणे

उत्तर : अगं, मी तुझ्या आईच्याच वयाची, म्हणून अहो-जाहो बाजूला ठेवते.

फायलींबद्दल तू भरभरून लिहिलंस, आणि कुंकवाबद्दल एक ओळ. तीही विस्मरणाच्या खात्यात टाकलीस. तू येणार हे लक्षात ठेवून, तू दारात पोचायच्या आत जी बाई आरशासमोर जाऊन उभी राहते, तिला विस्मरण झालंय? तिला सगळं लख्ख आठवतंय. काकूंना कळलं ते तुला कळलं नाही, म्हणून जरा रागावूनच लिहितेय.

तुझ्या आईने मनातल्या मनात तुझ्या बाबांना कधीच निरोप दिलाय. कधी, ते तिलाच ठाऊक. तू शाळेत असताना असेल, तुझ्या लग्नात असेल. पण तुला ते सोसणार नाही हे तिने ओळखलं, आणि तू आलीस की ती सवाष्ण होते. बाबा आहेत याचा पुरावा तू दिल्लीत मागत राहिलीस, आणि घरी तुझी आई तो तुझ्यापुरता कपाळावर लावत राहिली.

(कुंकू कुणी लावावं, यावर माझं काही म्हणणं नाही. हेरवाडच्या ग्रामपंचायतीने २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला तेव्हा मी पेढे वाटले होते. तिला आवडतं म्हणून तिने रोज लावावं. तुझ्या धाकाने नको.)

तुझी आशा वेडी होती, असं मी म्हणणार नाही. फ्लाइट लेफ्टनंट दिलीप परुळकरांचं विमान १० डिसेंबर १९७१ला पाकिस्तानात पाडलं गेलं. ते कैदेत पडले, ऑगस्ट १९७२ मध्ये दोन साथीदारांबरोबर रावळपिंडीच्या छावणीतून भिंत फोडून निसटले, अफगाण सरहद्दीच्या तोंडाशी पुन्हा सापडले आणि १ डिसेंबर १९७२ला इतर कैद्यांबरोबर वाघ्याहून चालत घरी आले. एक परुळकर येतात, तर माझे बाबा का नाहीत? हा प्रश्न कुठल्याही लेकीला पडेल. त्याच युद्धात बेपत्ता झालेल्या फ्लाइट लेफ्टनंट विजय तांबे यांच्या नावाशी जुळणारं नाव तर पकडलेल्या वैमानिकांत युद्धाच्या पहिल्याच आठवड्यात पाकिस्तानी वर्तमानपत्रात छापून आलं होतं. त्यांच्या पत्नी दमयंती तांबे, बॅडमिंटनच्या राष्ट्रीय विजेत्या. त्यांनी उभा जन्म या शोधात घातला. २००७ मध्ये बेपत्तांचे नातेवाईक पाकिस्तानातले तुरुंगही बघून आले. हाती काही लागलं नाही. पाकिस्तानच्या नव्वद हजारांवर युद्धकैद्यांना आपण परत पाठवलं, आणि आपल्या ५४ जणांच्या यादीचं उत्तर अजून नाही. तेव्हा फायली जाळ असं मी सांगणार नाही. विधी केला म्हणून सरकारची जबाबदारी संपत नाही. त्र्यंबकहून आल्यावर सोमवारी पुन्हा खुशाल अर्ज कर.

पण त्र्यंबकला जायचं. आणि ते तू न्यायचं.

कायदा सात वर्षं खबर नसलेल्या माणसाला मृत मानू शकतो. आपलं शास्त्र बारा वर्षं थांबायला सांगतं. तुझी आई पन्नासच्या वर थांबली, तरी तू म्हणतेस ती घाई करतेय! त्या विधीत काय करतात, बघितलंस कधी? पळसाच्या पानांचे तीनशे साठ देठ मोजून मांडतात, हात, पाय, छाती, बोटं. डोक्याच्या जागी नारळ. असा माणूस तयार करतात आणि मग त्याला अग्नी देतात. पन्नास वर्षं तिच्याकडे नुसती तार आहे गं. रडायला समोर काहीतरी हवं की नको? विस्तवाची धग लागावी, राख हाताला लागावी, एवढंच ती मागतेय. खूळ म्हणतेस याला.

मुलीने विधी करायचा का, असा प्रश्न गुरुजींनी काढलाच तर दुसरे गुरुजी बघ. मिळतात.

तर आज रात्री जेवणं झाली की फोन कर. "आई, मी चुकले" वगैरे लांबण लावू नकोस, ती उलट तुझीच समजूत काढत बसेल. "त्र्यंबकची कोणती तारीख घेऊ?" एवढंच विचार. ती गप्प होईल. तूही गप्प राहा, फोन ठेवू नकोस.

कुंकवाचा विषय फोनवर काढायचा नाही, समोरही नाही. तिला आणायला सांगलीला जाशील तेव्हा दार उघडल्या उघडल्या तिच्या कपाळाकडे बघू नकोस. सरळ आत जा आणि चहाचं आधण ठेव.