मुलीच्या पटकथेत बाप सापडला तेव्हा

गोव्यातल्या फोंडा तालुक्यातल्या एका वडिलांनी सात पानी पत्र पाठवलं आहे. मुलगी 23 वर्षांची. बी.ए. झाल्यावर पुण्यात पटकथालेखनाच्या दोन वर्षांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला गेली, त्यातलं पहिलं वर्ष झालं. चवथीला ती घरी आली होती. एका दुपारी ती देवळात गेलेली असताना वडिलांनी तिच्या टेबलावरची पटकथा वाचून काढली. तिच्यात एक बाप आहे. घराची वाटणी करताना तो बहिणीला जेवायला बोलावतो आणि जेवणं झाल्यावर कागदांवर तिची सही घेतो. वडील लिहितात, 'हे आमच्याच घरात घडलेलं आहे. ती तेव्हा सहा वर्षांची होती.' त्यांनी मुलीला जाब विचारला. ती दुसऱ्या दिवशी पुण्याला निघून गेली आणि तेव्हापासून फोनवर 'हो', 'नाही' एवढंच बोलते. आता त्यांनी बी.एड.चा प्रवेश अर्ज आणून ठेवला आहे आणि विचारतात, तिला परत बोलावू का?

नमस्कार.

परत बोलावू नका. हे पहिल्यांदाच स्पष्ट सांगते, म्हणजे पुढचं तुम्ही शांतपणे वाचाल.

तुमच्या पत्रातली निम्म्याहून जास्त पानं त्या एका प्रसंगावर आहेत. नोकरी, पैसा, वय हे सगळं शेवटच्या दीड पानात उरकलं आहे. चवथीच्या आधी तुम्हाला तिच्या शिक्षणाची विशेष काळजी नव्हती. फी वेळेवर भरत होता, बसवर सोडायला स्वतः जात होता, सोबत कोकमं आणि पापड बांधून देत होता. काळजी सुरू झाली ती पटकथा वाचल्यावर. बी.एड.चा अर्ज त्या दुपारच्या रागातून आलेला आहे. तिला शिकवायची आवड आहे म्हणून तो आला असता, तर मी त्यावर आनंदाने बोलले असते. पण तिला शिकवायला आवडतं का, याबद्दल सात पानांत एक ओळसुद्धा नाही.

'फी मी भरतो, मग ती काय लिहिते ते वाचायचा हक्क मला नाही का?' असं तुम्ही विचारता. नाही. फी तुम्ही शिक्षणाची भरता. अर्धवट लिहिलेलं पान हे लिहिणाऱ्याचं असतं आणि ते कोणाला, कधी दाखवायचं हे तिने ठरवायचं. वर्गात ती सहाध्यायांना दाखवते, मार्गदर्शकाला दाखवते, पण तिथे दाखवण्याची वेळ ठरलेली असते आणि वाचणाऱ्यांचीही पानं उद्या तिच्यासमोर येणार असतात. तुम्ही वाचलंत ते तिच्या माघारी, आणि ती घरात पाऊल टाकते न टाकते तोच उलटतपासणी सुरू केलीत. घरातल्या गणपतीचं विसर्जनही व्हायचं होतं. तिचं गप्प होणं मला अजिबात उद्धटपणाचं वाटत नाही.

तुम्हाला लागलं आहे, हेही मला दिसतं. आपल्याच मुलीने आपल्याला असं पाहिलं असेल, हे कळणं सोपं नाही. गोव्यात पोर्तुगीज नागरी कायद्यापासून मुलगी मुलाइतकीच वारस आहे. म्हणूनच वाटणीच्या वेळी बहिणीची सही लागते आणि म्हणूनच ती सही कशी घेतली गेली, याच्या गोष्टी कितीतरी घरांत आहेत. कुठे प्रेमाने दिलेली, कुठे गळ घालून घेतलेली, कुठे 'माहेर तुटेल' या भीतीने झालेली. तुमच्या घरातली कोणती होती हे मी विचारत नाही. पण सहा वर्षांच्या मुलीने ते पाहिलं, किंवा मोठेपणी आत्याकडून ऐकलं, आणि इतकी वर्षं मनात ठेवलं. लिहायला शिकायला लागल्यावर पहिल्यांदा तेच वर आलं. बहुतेक विद्यार्थ्यांच्या पहिल्या पटकथा घरातूनच येतात. 23व्या वर्षी माणसाला दुसरं इतकं आतून ठाऊक नसतं. पटकथेतला बाप म्हणजे तुम्ही नव्हे, हे ती तुम्हाला समजावून सांगू शकली असती, पण तशी संधी तिला मिळाली नाही.

एक गोष्ट तिच्यासाठीही. हे पत्र तिने वाचलं तर बरं. बाये, जिवंत माणसांवरून लिहिताना गाव, नाती, व्यवसाय बदलून घ्यायचे. चित्रपट होण्याच्या आधी आत्याशी एकदा बोलायचं. तिची सही एकदा घेतली गेली आहे, तिची गोष्ट तरी तिला न विचारता घेतली जाऊ नये.

आता तुमचा सगळ्यात मोठा गैरसमज. तुम्ही लिहिता, 'चाळीस पानांत धड एक संवाद नाही. सहीच्या प्रसंगाच्या अख्ख्या पानावर तर कोणी बोलतच नाही. याला लेखन म्हणायचं का?' तुम्ही पंचवीस वर्षं जत्रेच्या नाटकात उभे राहता, ऐतिहासिक नाटकातली लांबलचक स्वगतं तुम्हाला अजून तोंडपाठ आहेत, म्हणून लेखन म्हणजे संवाद हे तुमच्या मनात पक्कं बसलं आहे. चित्रपटात तसं नसतं. आपल्याकडे पडद्यावरच कथा, पटकथा आणि संवाद अशी तीन वेगळी श्रेयं येतात, कधी तीन वेगळ्या माणसांना. पटकथा म्हणजे प्रेक्षकाला काय दिसेल आणि काय ऐकू येईल, तेही कोणत्या क्रमाने, याचं लेखन. आत की बाहेर, दिवस की रात्र, कोण काय करतं, सगळं वर्तमानकाळात. 'तिला वाईट वाटलं' असं लिहून चालत नाही, कारण वाईट वाटणं कॅमेऱ्याला दिसत नाही. मग लिहावं लागतं की ती हुमणाचं, म्हणजे माशांच्या आमटीचं, ताट अर्धवट ठेवून हात धुवायला उठते, हात पुसत परत येते, तोवर ताट उचललेलं असतं आणि त्या जागी कागद असतात. हा तपशील मी रचलेला नाही, तुमच्याच पत्रातून उतरवला आहे. त्या पानावर एकही वाक्य बोललेलं नाही आणि त्याच पानाने तुमची झोप उडवली. तिची पटकथा मी वाचलेली नाही, त्यामुळे ती एकूण कशी आहे हे सांगू शकत नाही. पण तेवढं पान तिला जमलं आहे.

संवाद कोंकणीत आहेत, याचाही राग आहे तुम्हाला. घरात पेपर मराठी, नाटक मराठी, मग हे काय? तुमच्या घरात जेवताना माणसं ज्या भाषेत बोलतात त्याच भाषेत ती पात्रं बोलतात. तिने प्रसंगाचं वर्णन मराठीत लिहिलं आहे, म्हणजे मराठी तिने सोडलेली नाही.

'आठ महिने झाले, तीच गोष्ट चौथ्यांदा लिहिते आहे, सर दर वेळी परत करतात. म्हणजे तिच्यात कुवत नाही असंच ना?' हा प्रश्न दुसऱ्या कोणी विचारला असता तर मी समजू शकले असते. जत्रेचं नाटक तुम्ही पहिल्याच तालमीनंतर रंगमंचावर नेता का? दिग्दर्शक सातव्या तालमीतही एन्ट्री बदलायला लावतो, तेव्हा तुम्ही घरी येऊन 'मला अभिनय येत नाही' म्हणता का? पटकथा अशीच बांधली जाते. आधी दोन ओळींत गोष्ट, मग सिनॉप्सिस म्हणजे गोषवारा, मग ट्रीटमेंट म्हणजे सगळी गोष्ट सविस्तर गद्यात, मग प्रसंगांची क्रमवार यादी, तिला ही मुलं स्टेप आउटलाइन म्हणतात, आणि त्यानंतर पहिला ड्राफ्ट. पहिला ड्राफ्ट हा मोडण्यासाठीच असतो. पूर्ण लांबीच्या चित्रपटाची पटकथा साधारण 90 ते 120 पानांची, ढोबळमानाने एक पान म्हणजे पडद्यावरचं एक मिनिट. शंभर पानांतल्या बाराव्या पानावर काही बदललं की साठाव्या पानावरचा प्रसंग खोटा पडतो, मग तोही नव्याने लिहावा लागतो. भिंतीवर पिवळ्या चिठ्ठ्या चिकटवून ती 'तासन् तास नुसती बघत बसते' अशी तुमची तक्रार आहे. ती तेव्हा काम करत असते. एक चिठ्ठी तिसरीच्या जागी नेली तर काय होईल, हे डोक्यात चालवून बघत असते. मार्गदर्शक चौथ्यांदा परत करतो याचा अर्थ तो चौथ्यांदाही लक्ष देऊन वाचतो आहे. मला काळजी वाटली असती ती पहिल्याच ड्राफ्टला 'छान' म्हणून सोडून दिलं असतं तर.

इफ्फीत, म्हणजे भारताच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात, कोणाला भेटून ही पटकथा विकता येईल का, असंही विचारलं आहे. इफ्फी 2004 पासून गोव्यात भरतो आणि त्याच्याच जोडीने 2007 पासून फिल्म बाजार (आता वेव्हज फिल्म बाजार), जिथे लेखक, दिग्दर्शक आणि निर्माते एकमेकांना भेटतात. एनएफडीसीची, म्हणजे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाची, पटकथालेखकांसाठी प्रयोगशाळाही आहे, तिथे मोजक्या पटकथा निवडून अनुभवी लेखकांच्या हाताखाली त्यांवर पुन्हा काम करून घेतात. निवडलेल्या पटकथांवरही पुन्हा काम, हे लक्षात घ्या. नोव्हेंबरमध्ये ती पणजीत असेल तर तिला चित्रपट बघू द्या, दिवसाला चार बघू द्या. विकायला पाठवू नका, पटकथा अजून तयार नाही. ती तयार झाली की मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे नोंदवून ठेवायची. कॉपीराइट 1957च्या कायद्याने लिहिल्याक्षणी तिचाच असतो, नोंदणीमुळे हाताशी पुरावा राहतो. आणि 2012च्या दुरुस्तीनंतर चित्रपटगृहाबाहेर चित्रपटाचा वापर झाला तर त्यावरच्या रॉयल्टीतला लेखकाचा वाटा सहजासहजी लिहून घेता येत नाही. कोणताही करार सही करण्याआधी वकिलाला दाखवायचा. कागदावर सही करण्याबद्दल तुमच्या मुलीला फार समजावावं लागेल असं मला वाटत नाही.

नोकरीचं थोडक्यात. बी.एड. नंतरही करता येतं. गोवा लोकसेवा आयोगाच्या बहुतेक पदांना वयोमर्यादा 45 वर्षांची असते आणि कोंकणी आवश्यक, मराठी असल्यास उत्तम. तिला दोन्ही येतात. म्हणजे 'वय निघून चाललं' हे 23 वर्षांच्या मुलीबाबत खरं नाही.

पैशाबद्दल मात्र खोटं बोलणार नाही. अभ्यासक्रम संपला की दुसऱ्या दिवशी चित्रपट मिळत नाही. बहुतेक मुलं सुरुवातीला मालिकांच्या लेखकांच्या हाताखाली काम करतात. एपिसोडमागे पैसे, रात्री अकराला आलेला फोन आणि सकाळी सातला पाठवायचे संवाद, असं ते आयुष्य असतं. कोणी जाहिराती लिहितं, कोणी ऑडिओ मालिका, कोणी डबिंगसाठी भाषांतर. मराठी, कोंकणी, हिंदी तिन्ही सफाईने लिहिणारी मुलगी उपाशी राहणार नाही, पण पहिली दोन-तीन वर्षं मुंबईचं भाडं एकटीने भागवणं कठीण जाईल. तिथे तुमची मदत लागेल. ती किती आणि कधीपर्यंत देऊ शकता हे तिच्यासमोर बसून आकड्यांत सांगा. घरी दुसरा मुलगाही शिकतो आहे, तुमच्या खिशाला मर्यादा आहे, यात लाजण्यासारखं काही नाही. पण 'वर्षात कमावून दाखव, नाहीतर परत ये' ही अट काढून टाका. अशा अटीखाली ती मिळेल ते लिहील आणि स्वतःची पटकथा आधी बाजूला पडेल. त्या पटकथेला शिक्षा करायची म्हणून तर ही अट घातली नाही ना, हे स्वतःला विचारा.

नातेवाईकांना तुम्ही 'ती मास कॉम करते' असं सांगता. हे वाचून मला वाईट वाटलं. तुम्ही स्वतः रंग लावून गावासमोर उभे राहणारे आहात, गावाने त्याबद्दल तुमचा सत्कारही केला आहे. ज्या घरात बापाचं नाटक अभिमानाने सांगितलं जातं त्या घरात मुलीचं लेखन लपवून ठेवलं जातं, हे तिला नक्की दिसत असणार. उद्यापासून खरं सांगा.

आणि तिला फोन करा. पटकथेचा विषय काढायचा नाही, आत्याचाही नाही. न विचारता वाचलं ही चूक झाली, एवढं एक वाक्य, त्याला 'पण' जोडायचा नाही. ती लगेच बोलायला लागेल अशी अपेक्षा ठेवू नका. पुढे कधीतरी तिला नॅरेशनचा सराव लागेल, म्हणजे निर्मात्यासमोर बसून सगळी गोष्ट तोंडाने सांगायची. आवाज कुठे चढवायचा, कुठे थांबायचं हे तिला शिकवायला तुमच्याइतकं जवळचं माणूस नाही. ते ती मागेल तेव्हा द्या. तोपर्यंत तिची कोणतीही वही उघडू नका.

बी.एड.चा अर्ज भरला नसेल तर भरू नका. तिच्या नावाने आधीच भरून टाकला असेल, तर पुढचा फोन त्यासाठी करा आणि ते स्वतः तिला सांगा.