टर्बो की एनए : पिकअप, ऊन आणि समृद्धी

प्र. माझी होंडा सिटी १२१ पीएसची, मित्राची एक लिटर टर्बो स्लाव्हिया ११५ पीएसची. तरी वर्धा रोडवर ओव्हरटेक करताना तीच पुढे निघते. असं कसं? (मनीषनगर, नागपूर)

उ. सिटीचं इंजिन एनए (नॅचरली ॲस्पिरेटेड), म्हणजे टर्बो नसलेलं. तिची १२१ पीएस ताकद मिळते ६,६०० आरपीएमला (इंजिनाचे मिनिटाला फेरे). रोज तिथपर्यंत कोण जातं? टॉर्क, म्हणजे चाकं फिरवणारी ओढ, बघा. सिटीचा १४५ एनएम, तोही ४,३०० ला. स्लाव्हियाचा १७८, आणि १,७५० पासूनच. टर्बो सिलिंडरमध्ये जास्त हवा कोंबतो, म्हणून लहान इंजिनही खालूनच ओढतं. गिअर खाली टाकून सिटी चार हजारांच्या वर नेऊन बघा, अंतर बरंच मिटेल.

प्र. मे महिन्यात टर्बो गाडीचा दम जातो म्हणतात. खरं का? (जरीपटका)

उ. दम दोन्हींचा जातो. पारा २५ वरून ४५ अंशांवर गेला की हवा सुमारे सहा टक्के विरळ होते, एनए इंजिनाची ताकद जवळपास तेवढीच उतरते. टर्बो दाब वाढवून ही तूट भरू शकतो, पण दाबलेली हवा आणखी तापते. तिला थंड करणाऱ्या इंटरकूलरला बाहेरची हवाच ४५ अंशांची मिळते, आणि व्हरायटी चौकात सिग्नलला उभे असलात तर वाराही नाही. मग नॉकिंग (इंधनाचं अवेळी पेटणं) टाळायला ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) स्पार्क उशिरा देतो, बूस्ट (टर्बोचा दाब) उतरवतो. गाडी पळू लागली की पिकअप परत येतो. समृद्धीवरून रात्री आलात तर सकाळी वाकून पुढच्या जाळीत बघाच : इंटरकूलरच्या किंवा रेडिएटरच्या पातळ पात्यांत किडे चिकटून वाळलेले असतात. नळाच्या पाण्याने हळू धुवा. प्रेशर वॉशरने पाती वाकतात.

प्र. हायवेवरून आल्यावर इंजिन चालू ठेवायचं का? (वर्धमाननगर)

उ. १२० च्या वेगाने येऊन थेट पेट्रोल पंपावर थांबलात, तर मिनिटभर ठेवा. तापलेल्या टर्बोच्या बेअरिंगमध्ये ऑइल थांबलं की करपतं. समृद्धीच्या नागपूरकडच्या टोकाला, शिवमडक्याला उतरून शहरातून घरी आलात तर गरज नाही. ऑइल मात्र कंपनीने सांगितलेल्याच ग्रेडचं आणि वेळेवर. इथे काटकसर अजिबात नको.

प्र. स्पोर्ट्स कारमधून एनए संपलं का? (धरमपेठ)

उ. नाही. फेरारीने २०१५ मध्ये ४५८ च्या जागी ट्विन-टर्बो ४८८ आणली. इंजिन ४.५ वरून ३.९ लिटर, तरी ताकद ५७० वरून ६७० पीएस. पोर्शे ९११ जीटी३ मात्र चार लिटर एनएवरच ९,००० आरपीएमपर्यंत जाते. वळणातून निघताना पाय जितका दाबाल तितकी ताकद, त्याच क्षणी. टर्बोला बूस्ट जमवायला जरा वेळ लागतो. ट्रॅकसाठी माझी पसंती एनएलाच, वर्धा रोडसाठी टर्बोला.