एसी बंद करायचाय, पण काच धुकट नको

भावा, गाडीचा एसी बंद पाडायला त्याचा बेल्ट कापू नकोस. बऱ्याच गाड्यांत त्याच बेल्टवर अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा) नि इंजिन थंड ठेवणारा वॉटर पंप फिरतो. बॉनेटखालच्या फ्यूज बॉक्सच्या झाकणावर नकाशा असतो. त्यात बघून एसीच्या कॉम्प्रेसरला बेल्टशी जोडणाऱ्या क्लचचा रिले (विजेचा स्विच) तेवढा उपट. ब्लोअरच्या (वारा फेकणाऱ्या पंख्याच्या) फ्यूजला हात लावायचा नाही. मागच्या काचेची वाफ घालवणाऱ्या तारांचं सर्किट वेगळं, ते चालूच राहतं.

खरी गोम पुढच्या काचेची. एसी हवा कोरडी करतो म्हणून वाफ पटकन जाते. तो नसला, की गगनबावड्याच्या पावसात इंजिन तापू दे, नॉब पूर्ण लालवर, वारा काचेवर, रीसर्क्युलेशन (आतलीच हवा फिरवणं) बंद. उकडेल, पण रस्ता दिसेल.

कॉम्प्रेसरची पुली, म्हणजे बेल्टवर फिरणारं चाकच खरखरत असेल तर रिले काढून उपयोग नाही, ती फिरतच राहते. कोल्हापुरात उद्यमनगरात तिचं बेअरिंग बदलून घे.