बावीस वेळा जिना

एप्रिल २०२०, टाळेबंदीचा तिसरा आठवडा. समुपदेशन सगळं फोनवरच चाललेलं. एका पुणेकर बाईंचा फोन आला, आवाज दबका. "मॅडम, बाथरूममधून बोलतेय. नवऱ्याला पळण्याचं व्यसन लागलंय का, एवढंच सांगा." (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

नवरा चाळिशीचा, आयटीतला. सहा वर्षं डोंगरवाटांवर पळणारा. आदल्या डिसेंबरात सिंहगड-राजगड-तोरणा अशी पन्नासेक किलोमीटरची स्पर्धा त्याने पुरी केली होती. आता गच्चीला सोसायटीचं कुलूप. म्हणून याने जिना धरला. नऊ मजले म्हणजे सत्तावीस मीटर, सिंहगडाची चढण सहाशेच्या आसपास. बावीस वेळा वर गेलं की एक सिंहगड! कठड्याला हात लागला तरी माणसं दचकत होती ते दिवस. सोसायटीच्या ग्रुपवर तक्रारी आल्या आणि शेजाऱ्यांची बोलणी खाल्ली हिने. वर घरात चिडचिड, रात्री दोनपर्यंत जागरण. घरकामाच्या मावशी बंद, मुलांची शाळा मोबाइलवर, सासूबाई चौऱ्याहत्तरच्या.

व्यसन आहे का, हा प्रश्न पळणाऱ्यांच्या घरून मला बरेचदा येतो. आठवड्याला साठ-सत्तर किलोमीटर पळणाऱ्याचं पळणं एकदम थांबलं की झोप बिघडते, मन उदास होतं, बारीकसारीक गोष्टींवरून डोकं तडकतं. तेवढ्यावरून मी व्यसन म्हणत नाही. अंगात ताप किंवा पायाला दुखापत असताना पळतो का, किती पळाला ते लपवतो का, हे विचारते. दोन्हींना तिचं उत्तर 'नाही' होतं. त्या वसंतात फ्रान्समध्ये एकजण सात मीटरच्या बाल्कनीत अख्खी मॅरेथॉन पळाला होता, ते मी तिला सांगितलं. ती हसली नाही. सांगायला नकोच होतं.

मग मी नवऱ्याशी बोलले आणि वेळापत्रक आखून दिलं. पहाटे पाच ते सव्वासहा जिना, तोंडाला मास्क, कठड्याला हात नाही. गडी खूश. झोपही सुधारली. आठवड्याने तिचा फोन: "त्याचं छान लागलं मार्गी. माझं काय?"

चूक माझी होती. तक्रार घेऊन आली होती ती, आणि मी उपाय दिला त्याला.

पुढच्या वेळी दोघांना एकत्र घेतलं. तो म्हणाला, "मी दारू पीत नाही, सिगारेट ओढत नाही, फक्त पळतो." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की हल्ली त्याच्या पुढचं वाक्य कुठलं येणार तेही कळतं. "आणि रविवार तर फॅमिलीचाच असतो." त्यावर ती शांतपणे म्हणाली, "पहाटे चारला जातोस, दुपारी दोनला येतोस. जेवतोस आणि पाय भिंतीला लावून झोपतोस. सहा वर्षं." टाळेबंदीत तो पहिल्यांदाच सगळे रविवार घरी होता. आईच्या बीपीच्या गोळ्या कुठल्या डब्यात असतात, हे त्याला त्या एप्रिलमध्ये विचारावं लागलं होतं. फोनवर बराच वेळ कुणीच बोललं नाही.

तिला काय हवंय, ते विचारलं. "एक तास. कुणी 'आई' म्हणणार नाही असा." पण जायचं कुठे? टू-बीएचकेत पाच माणसं, बाहेर पोलीस. शेवटी तिनेच शोधून काढलं: खाली पार्किंगमधली त्यांची गाडी. संध्याकाळी सहा ते सात ती काचा किंचित खाली करून गाडीत बसायची. कधी गाणी, कधी नुसतीच. तेवढ्या वेळात कुकर, मुलं आणि आईच्या गोळ्या त्याच्याकडे. पहिले चार दिवस त्याने सहा वेळा फोन केला. पाचव्या दिवसापासून तिने फोन वरच ठेवायला सुरुवात केली.

तीन जूनपासून पहाटे पाच ते संध्याकाळी सात बाहेर पळायला परवानगी मिळाली. तो रस्त्यावर आला. गड अजून लांबच होते.

जुलैत तिचा फोन आला, या वेळी आवाज मोकळा. "तो जातो पळायला. मी अजून गाडीत बसते." मग हसून म्हणाली, "रोज गाणी लावायला गाडी सुरू करते ना, सोसायटीत सगळ्यांच्या बॅटऱ्या उतरल्या, आमची तेवढी शाबूत आहे."