सातव्या टप्प्याला 'कर्तेपण' का म्हणावं

बी.एड. करणाऱ्या एका ताईंचा प्रश्न आहे. एरिक एरिक्सन या मानसशास्त्रज्ञाने माणसाच्या मनोसामाजिक विकासाचे आठ टप्पे सांगितले. त्यांतल्या सातव्याला, म्हणजे साधारण चाळिशी ते साठी-पासष्टीच्या टप्प्याला, त्यांच्या नोट्समध्ये 'उत्पादकता विरुद्ध साचलेपण' असं नाव आहे. हे बरोबर आहे का, आणि आपल्या वऱ्हाडी बोलण्यात याला काही शब्द सापडतो का, असं त्या विचारतात.

ताई, 'साचलेपण' चांगलाच शब्द आहे, तो ठेवा. 'उत्पादकता' मात्र मला खटकतो. आमच्या दारव्हा तालुक्यात उत्पादकता म्हटलं की पुढचा प्रश्न येतो, एकरी किती? कपाशीला, सोयाबीनला तो शब्द शोभतो. एरिक्सनने १९५० साली वापरलेला शब्द होता 'जनरेटिव्हिटी'. त्याचं नातं पिढीशी आहे. पुढची पिढी उभी करावी, तिला वाटेला लावावं ही मनाची ओढ त्याला त्यातून सांगायची होती. उत्पादकता आणि सर्जनशीलता या दोन्ही गोष्टी तिच्यात येतात, पण या दोहोंपैकी कोणताही शब्द तिची जागा घेऊ शकत नाही, असं त्याने स्पष्ट केलं आहे. म्हणजे तुमच्या नोट्समधला शब्द खुद्द एरिक्सननेच अपुरा ठरवलेला आहे.

मी इथे 'कर्तेपण' लिहीन. आपल्याकडे 'घरात कोनी करतंसवरतं नाही' असं म्हणतात, तेव्हा कमावणारं कोणी नाही एवढाच अर्थ नसतो. बियाणं कधी आणायचं, पोरीला कोणत्या शाळेत घालायचं, आजारी सासूला केव्हा दवाखान्यात न्यायचं, हे बघणारं माणूस नाही, असा तो अर्थ असतो. त्यातला 'सवरता' ऐकताना मला दर वेळी 'सावरणं' आठवतं. एरिक्सनने या टप्प्यातून माणसाला जे बळ मिळतं म्हटलं, ते म्हणजे काळजी घेणं. दोन्ही गोष्टी किती जवळ येतात पाहा.

बोलीत याची पहिली पायरीही आहे, ती म्हणजे 'हाताशी येणं'. 'पोट्टं हाताशी आलं, आता मले फिकर नाही,' असं एखादा बाप म्हणतो तेव्हा पोराचं वय कोणी विचारत नाही. ते डवऱ्यामागे (पिकातलं तण काढायच्या अवजारामागे) चालू लागलं, पाण्याची मोटार सुरू-बंद करू लागलं, की हाताशी आलं. पिकालाही आपण हेच क्रियापद लावतो, 'हातातोंडाशी आलेलं पीक'. एरिक्सनचा चौथा टप्पा, शाळकरी वयातली उद्यमशीलता, याच्या आसपासचा. त्याच्याही आधीचा, खेळातून पुढाकार घ्यायचा तिसरा टप्पा बघायचा असेल तर तान्हा पोळा बघा. पोळ्याला बाप खरी बैलजोडी घेऊन तोरणाखाली उभा राहतो आणि दुसऱ्या दिवशी चार-पाच वर्षांचं लेकरू लाकडी नंदी ओढत घरोघरी बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागतं. कर्तेपणाची ही पहिली नक्कल मला फार प्रिय आहे.

'कर्ता' म्हणजे घरातला थोरला पुरुष, असा आक्षेप येईल. हिंदू एकत्र कुटुंबाच्या कायद्यात तो शब्द त्याच अर्थाने रुळला, हे खरं. पण बोली तिथे थांबलेली नाही. ज्या घरातला शेतकरी कर्जापायी गेला, तिथे पाच-सहा वर्षांत 'आता वहिनीच कर्ती हाये' असं गाव सहज म्हणू लागतं. त्या वाक्यात दयेपेक्षा मान जास्त असतो, आणि तेवढ्यासाठीसुद्धा हा शब्द अभ्यासात यावा असं मला वाटतं. एरिक्सनच्या मते नुसती मुलं झाल्याने हा टप्पा गाठला जात नाही. ज्यांना मूल नाही तेही दुसऱ्यांच्या लेकरांतून किंवा कामातून तो गाठतात. पुतण्यांना शिकवून मोठं करणारी, स्वतःचं मूल नसलेली मोठी आई आपण सगळ्यांनी पाहिली आहे. तिला कर्ती म्हणायला कोणी अडखळत नाही.

एरिक्सनने गांधीजींवर १९६९ मध्ये एक ग्रंथ लिहिला, त्याचा मध्यबिंदू १९१८ चा अहमदाबादच्या गिरणी कामगारांचा संप आहे. गांधीजी तेव्हा ४८ वर्षांचे, म्हणजे याच सातव्या टप्प्यातले. पुढे १९३६ पासून ते आपल्या वर्ध्याजवळ सेवाग्रामला राहिले आणि त्यांच्या कुटीचं नावच 'बापूकुटी' पडलं. साऱ्या देशाने ज्याला बाप म्हटलं तो माणूस या टप्प्याचं उदाहरण म्हणून वर्गात नक्की सांगा.

मग 'कर्तेपण'ऐवजी 'प्रौढत्व' का नको? तो शब्द वयासाठी ठीक आहे. प्र आणि ऊढ मिळून 'प्रौढ', मुळात वह् म्हणजे वाहणे हा धातू. पण आज तो ऐकून वाहण्याची आठवण कोणाला होत नाही, प्रौढ साक्षरतेचे वर्ग तेवढे आठवतात.

उत्तरपत्रिकेत 'कर्तेपण (उत्पादकता) विरुद्ध साचलेपण' असं लिहा, म्हणजे तपासणाऱ्याला ओळख पटेल. आठव्या टप्प्याला कोणी 'एकात्मता' म्हणतात. मला 'कृतार्थता विरुद्ध वैफल्य' अधिक जुळतं वाटतं. त्याला बोलीतला शब्द मी अजून शोधतो आहे. तुमच्या गावच्या म्हाताऱ्या माणसांकडून काही कानावर आलं, तर कळवा.