एकाच वेताची दोन मांजरे, तरी स्वभाव इतके निराळे का?

आपला प्रश्न असा आहे की, एकाच वेताची दोन पिल्ले आठ महिन्यांपूर्वी घरी आणली, दोघांना सारखेच खाऊपिऊ घातले, तरी एक अंगाखांद्यावर खेळते आणि दुसरे कपाटामागून बाहेर येत नाही. तेव्हा आपले काही चुकले का, आणि मांजराचा स्वभाव ओळखायचा तरी कसा? मी पशुवैद्य नाही, परंतु गेली 14 वर्षे माझ्या घरात मांजरे आहेत आणि त्यांच्यामुळेच या विषयावरचे थोडेफार वाचनही झाले आहे, त्या आधारावर लिहिते.

आपले बहुधा काही चुकलेले नाही. एका वेताची पिल्ले एकाच बापाची असतात असे मांजरांच्या बाबतीत धरून चालता येत नाही. माजावर आलेली भाटी एकाहून अधिक बोक्यांशी जुगते आणि तिची बीजे समागमानंतरच सुटतात, त्यामुळे एकाच वेळी जन्मलेल्या भावंडांचे बाप वेगवेगळे असू शकतात. बोका पिल्लांच्या संगोपनात सहसा कोठेच नसतो, तरीही त्याचा वारसा दिसतो: सँड्रा मॅक्‌क्यून यांनी 1995 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात माणसाळू बोक्यांची पिल्ले नव्या वस्तूजवळ अधिक धिटाईने गेली होती. दुसरे कारण वयाचे. पिल्लू साधारण दोन ते सात आठवड्यांचे असताना माणसांच्या हातांची जी सवय होते ती पुढे टिकते, हे आयलीन कार्श यांच्या 1980 च्या दशकातील कामावरून पुढे आले. आपल्याकडे पिल्लू घरी आणले जाते तेव्हा हा काळ बहुतेक सरत आलेला असतो. म्हणजे आपल्या घरात पाऊल टाकण्यापूर्वीच बरेचसे ठरून गेलेले असते. (रंगावरून स्वभाव सांगणारे पुष्कळ भेटतात, माझ्या पाहण्यातल्या पिवळ्या बोक्यांपैकी निम्मे तरी त्यांच्या भाकिताच्या नेमके उलट निघाले.)

आता ओळखण्याविषयी. 'माणूसघाणी', 'गर्विष्ठ', 'भित्री' ही विशेषणे प्रथम बाजूला ठेवावीत आणि एकच प्रसंग पुनःपुन्हा पाहावा. आमच्याकडे तो प्रसंग गॅसचा सिलिंडर येण्याचा आहे. जिन्यात लोखंडाचा आवाज होताच आमचा बोका बंड्या दारात हजर होतो, आलेल्या माणसाच्या चपला हुंगतो, सिलिंडरच्या कड्यावर गाल घासून आपला वास लावतो आणि काम झाल्यासारखा निघून जातो. आमची मांजरी ठकी मात्र कान आडवे करून, पोट जमिनीला टेकवत, धान्याच्या पिंपामागे सरपटते. इथेच पाहणे थांबवले तर एक धीट आणि एक भित्री असा निकाल लागतो, आणि मी वर्षभर तोच लावत होते. दार बंद झाल्यावर पाच मिनिटांनी काय होते ते मी योगायोगाने पाहिले. ठकी बाहेर आली, सिलिंडरला पायथ्यापासून हुंगत तिने पूर्ण फेरी घातली, मध्येच पुढचा पंजा अधांतरी धरून थांबली, आणि बंड्याने जिथे गाल घासला होता तिथे सर्वांत जास्त वेळ रेंगाळली. बंड्याला तोवर त्या वस्तूचा विसर पडला होता. ठकीचे कुतूहल त्याच्याहून काकणभर अधिकच आहे. फक्त ते तिला माणसांच्या देखत पुरवायचे नसते.

भीती आणि कुतूहल ही एकाच काठीची दोन टोके नाहीत, याला संशोधनाचाही दुजोरा मिळतो. साउथ ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधील 2,800 हून अधिक पाळीव मांजरांची माहिती त्यांच्या मालकांकडून भरून घेऊन 2017 साली जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात स्वभावाची पाच अंगे वेगळी काढली आहेत: बुजरेपणा, मोकळेपणा, इतर मांजरांवरील दांडगाई, लहरीपणा आणि मायाळूपणा. कुतूहल तिथे मोकळेपणात मोडते, आणि बुजरेपणाचे माप त्याहून स्वतंत्र आहे. ही पाच अंगे मी प्रश्न म्हणून वापरते, शिक्का म्हणून नाही. 'ही कशी आहे?' या प्रश्नाला उत्तर सापडत नाही, परंतु 'ही दुसऱ्या मांजराला वाटीपासून हुसकते का?' याला दोन दिवसांत सापडते.

मात्र स्वभाव म्हणून जे दिसते ते दुखणेही असू शकते, आणि इथे मी स्वतः चुकले आहे. ठकी सात वर्षांची झाल्यावर मानेखाली खाजवू देईनाशी झाली, हात लागला की फिस्कारू लागली. वयानुसार तिरसट झाली, असे म्हणून मी सोडून दिले. दोन महिन्यांनी ती मासळीचा तुकडा तोंडात घेऊन पुन्हा खाली टाकते हे लक्षात आले, तेव्हा कोठे डॉक्टरांकडे नेले. मागच्या दोन दाढांभोवती हिरड्या सुजून लाल झाल्या होत्या. भूल देऊन दाढा काढल्या आणि तीन आठवड्यांत फिस्कारणे थांबले. म्हणून वागणे अचानक पालटले तर त्याला स्वभाव म्हणू नये, तपासणी करावी. बोका लघवीला पुन्हा पुन्हा बसत असेल आणि काहीच होत नसेल, तर त्याच दिवशी करावी, कारण मूत्रमार्ग तुंबणे जिवावर बेतते.

आपल्या कपाटामागच्या पिल्लाला ओढून बाहेर काढू नका. कपाटावर किंवा माळ्यावर, वरून खोली दिसेल अशी एक जागा त्याला मोकळी करून द्या, आणि आपण जमिनीवर, त्याच्याकडे कुशीने बसून आपले काही काम करत राहा. नजरानजर झाली तर डोळे सावकाश अर्धवट मिटून उघडा. अशी संथ उघडझाप करणाऱ्या माणसाला मांजरे तशीच उघडझाप करून प्रतिसाद देतात आणि अनोळखी असला तरी त्याच्या हाताजवळ अधिक येतात, असे इंग्लंडमधील ससेक्स विद्यापीठाच्या 2020 सालच्या अभ्यासात आढळले आहे. ते अंगाखांद्यावर खेळणारे मांजर होईल, असे मात्र मनात धरू नका. ठकी दाढा काढल्यानंतरही मांडीवर कधी आली नाही. मी सकाळी भाजी निवडायला बसले की ती येते, हातभर अंतरावर पाठ माझ्याकडे करून बसते, आणि मेथीची जुडी सोडताना निघालेला दोरा माझ्याकडे न पाहता पंजाने स्वतःकडे ओढून घेते.