आय ५०.३३ आणि सढळ हृदय

प्रश्न असा आहे: मेडिकल कोडिंग, म्हणजे रोगांना आयसीडी या यादीतले ठरावीक कोड लावण्याचं काम, शिकवताना 'आय ५०.३३' हा कोड, म्हणजे 'अक्यूट ऑन क्रॉनिक डायस्टोलिक हार्ट फेल्युअर', मराठीत कसा समजावावा? एका टिपणात 'जुनाट तीव्र प्रसरणशील हृदयबंद' असं दिलंय, ते चालेल का?

नाही. चारांपैकी 'जुनाट' तेवढा जागेवर आहे.

'हृदयबंद' तर आधी खोडा. हृदय बंद पडणं म्हणजे कार्डियाक अरेस्ट, त्याचा कोड आय ४६. हार्ट अटॅक आय २१ मध्ये. आय ५० चा रुग्ण तुमच्यासमोर बसून बोलत असतो. त्याला धाप लागते, पाय सुजलेले असतात, पण हृदय चालू असतं. 'हार्ट फेल झालं' म्हणजे माणूस गेला, हा अर्थ आपल्याकडे इतका मुरलाय की रोगाचं नाव ऐकूनच घरचे रडायला लागतात. मूळ 'फेल्युअर' शब्दात भाव कमी पडण्याचा आहे. शरीराला लागेल तेवढं रक्त पुरवायला हृदय पुरं पडत नाही, एवढंच. 'पुरं न पडणं' हा आपला रोजचा वाक्प्रचार असताना 'बंद' कशाला?

डायस्टोलिकचा जोडीदार सिस्टोलिक, त्याबद्दल फार बोलण्यासारखं नाही. हृदय आवळलं जाण्याची ताकद घटते, 'आकुंचन' शब्द चालतो, कोड ५०.२. जाता जाता एक गंमत: सिस्टोले आणि डायस्टोले हे ग्रीक शब्द छंदशास्त्रातही आहेत. दीर्घ अक्षर ऱ्हस्व करणं म्हणजे सिस्टोले, ऱ्हस्वाचं दीर्घ करणं म्हणजे डायस्टोले. वृत्तात बसवायला मात्रा ओढाताण करणारे आपले कवीही तेच करतात.

आता 'प्रसरणशील'. इथे माझं डोकं फिरतं. '-शील' म्हणजे ज्याचा तो स्वभावच आहे असा. सहनशील माणूस सहन करतो, मग प्रसरणशील हृदय उत्तम प्रसरण पावणारं झालं की! रोग नेमका उलटा आहे. डायस्टोलिक प्रकारात स्नायू आवळून झाल्यावर मोकळा होत नाही, ताठ राहतो, म्हणून कप्पा नीट भरत नाही. त्यातून 'प्रसरण' ऐकलं की विद्यार्थ्याच्या डोळ्यांपुढे फुगून मोठं झालेलं हृदय येतं, आणि तसं हृदय बहुधा सिस्टोलिकच्या बाजूला सापडतं. एका शब्दात दोन्ही कोडांची अदलाबदल!

परिभाषा घडवणाऱ्या मंडळींचा बचाव मला ठाऊक आहे: आकुंचनाची जोडी प्रसारणाशी, कणादाच्या वैशेषिक सूत्रांतच आहे. आहे ना. उत्क्षेपण, अवक्षेपण, आकुंचन, प्रसारण, गमन ही पाच कर्मं, म्हणजे हालचाली. पण तिथलं प्रसारण म्हणजे हात लांब करावा तसं पसरणं. आपल्याला शब्द हवाय आवळलेली मूठ सुटते त्या क्षणासाठी. जुनी जोडी मिळाली म्हणून ती कुठेही लावायची नसते.

'शिथिलन' अर्थाने बरोबर आहे, पण शिथिल म्हटलं की आता शिस्त आणि निर्बंध आठवतात. माझा शब्द आहे 'सढळ'. सढळ हाताने वाढतात, तोच. हा शब्द शिथिलचाच वंशज. हेमचंद्राने बाराव्या शतकातल्या आपल्या प्राकृत व्याकरणात शिथिलची दोन रूपं नोंदवली आहेत, सिढिल आणि सढिल. त्यातल्या सढिलची वाट आपण धरली. म्हणजे सढळ हात हा आधी नुसता सैल हात होता. मूठ सुटली, आतलं बाहेर आलं, आणि सैलपणाचं औदार्य झालं! हृदयाची मूठ सुटते तेव्हा बाहेरचं आत येतं, एवढाच फरक. संस्कृतात शिथिलला हलगर्जीपणाचा डाग लागला आणि मराठीत तोच शब्द दानशूर निघाला, याचा मला अजून आनंद होतो.

एका विद्वान स्नेह्यांचं म्हणणं, सढळ म्हणजे 'स' अधिक 'ढळ', ढळण्यासह असलेला. त्या हिशेबाने निढळाचा घाम म्हणजे न ढळणारा घाम म्हणायचा का? निढळ म्हणजे कपाळ. घाम तर तिथून ढळतोच.

तर डायस्टोलिक म्हणजे हृदय सढळ न होणं. हे कळलं की पुढचं कोडं आपोआप सुटतं. 'इजेक्शन फ्रॅक्शन' म्हणजे कप्प्यातलं किती टक्के रक्त एका ठोक्यात बाहेर गेलं. कप्पा भरलाच कमी, पण होतं त्यातलं निम्म्याहून जास्त बाहेर टाकलं, तर आकडा चांगलाच दिसणार. म्हणूनच ५० टक्के किंवा वर आकडा असलेलं, 'प्रिझर्व्ड' म्हणून लिहिलेलं फेल्युअर ५०.३ मध्ये आणि 'रिड्यूस्ड', म्हणजे ४० किंवा खाली, ५०.२ मध्ये घालायला अमेरिकेतल्या 'कोडिंग क्लिनिक' या कोड कसे लावायचे ते सांगणाऱ्या नियतकालिकाने २०१६ मध्ये मान्यता दिली. दोन्ही बिघाड एकत्र असतील तर ५०.४. ही सगळी विभागणी अमेरिकी आवृत्तीतली, जागतिक आरोग्य संघटनेच्या मूळ आयसीडी-१० मध्ये ती नाही. आयसीडी-११ मध्ये इजेक्शन फ्रॅक्शननुसार विभागणी आली.

हो, मूळ प्रश्नात शेवटचा ३ राहिला. १ म्हणजे अक्यूट, २ क्रॉनिक, ३ अक्यूट ऑन क्रॉनिक, आणि डॉक्टरांनी काहीच लिहिलं नसेल तर ०. इथे 'तीव्र' नको. तीव्र म्हणजे जोराचा, आणि हा अंक जोर मोजत नाही. दुखणं नव्याने उद्भवलंय, जुनं आहे, की जुन्यानेच पुन्हा डोकं वर काढलंय, एवढंच तो सांगतो. 'डीकॉम्पेन्सेटेड' लिहिलेलं असेल तरी अर्थ जुनं उफाळल्याचाच घेतात, म्हणून तेही ३ मध्येच.

आय ५०.३३ ला वर्गात मी म्हणेन: हृदय सढळ होत नाही म्हणून पुरं पडत नाही, आणि या जुन्या दुखण्याने आता उचल खाल्ली आहे. लांबलंय खरं. पण कोड लिहायला सहा खुणा पुरतात, वाक्य फक्त समजावण्यापुरतं आहे.